तुकडा तपासायला पाठविला आहे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मला व्यासपीठाची सवय नाही. माझी नोकरीची वर्षे एका प्रयोगशाळेत गेली. शरीरातून काढलेल्या तुकड्यांचे पातळ काप करायचे, ते काचेच्या पट्टीवर चढवायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, एवढेच माझे काम. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "मग तेच सांगा. 'तुकडा तपासायला पाठविला आहे' एवढे म्हणतात आणि आम्ही घरी येऊन काळजी करीत बसतो. त्या तुकड्याचे पुढे काय होते ते आम्हांला कोणी सांगत नाही." त्यांचे म्हणणे मला पटले. म्हणून आज तेच सांगणार आहे.

सुरुवात आपल्या कांद्यापासून करते. उमराण्याच्या बाजारात कांद्याचा भाव काय निघाला हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पण ह्याच कांद्याचा शाळेत आणखी एक उपयोग होतो. कांद्याची एक पाकळी मोडली की आतल्या बाजूने पारदर्शक पापुद्रा सुटतो. तो काचेवर पसरून, वर आयोडिनचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिला की विटांची भिंत रचावी तशा रांगाच रांगा दिसतात. प्रत्येक विटेत एक ठिपका. ती वीट म्हणजे पेशी आणि तो ठिपका म्हणजे तिचे केंद्रक. जगभरच्या मुलांना पेशी पहिल्यांदा दाखवायची तर गुरुजी बहुधा कांदाच घेतात. आपल्या शेतात उगवणारी ही वस्तू अशी विद्येच्या उंबरठ्यावर उभी आहे.

आपले शरीरही अशाच विटांचे बनलेले आहे. एकाच कामाच्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. त्वचेची वीणकाम वेगळी, यकृताची वेगळी, स्तनातील दूधग्रंथींची वेगळी. निरोगी ऊतीत पेशी शिस्तीने बसलेल्या असतात. कर्करोगात ती शिस्त मोडते. केंद्रके मोठी, वेडीवाकडी होतात, पेशी एकमेकींवर चढतात, आपले कुंपण ओलांडून शेजारच्या जागेत शिरतात. कुंपण ओलांडले आहे किंवा नाही, हे हाताला लागलेल्या गाठीवरून नक्की सांगता येत नाही. क्ष-किरणांच्या चित्रावरूनही अंदाज येतो, निकाल लागत नाही. निकाल तुकडा देतो.

आता तो तुकडा बाटलीत पडल्यापासूनची हकीकत सांगते. तुम्ही लोणचे घालणाऱ्या आहात, तेव्हा तुम्हांला ती सहज समजेल.

कैरी चिरून नुसती ठेवली तर दोन दिवसांत ती नासते. मीठ आणि तेल मिळाले की वर्षभर टिकते. शरीरातून सुटलेल्या तुकड्याचेही तसेच आहे. रक्त तुटले की पेशी आपल्याच पाचक रसाने आतून विरघळू लागतात. म्हणून तुकडा काढल्याबरोबर फॉर्मालिन नावाच्या द्रवात टाकावा लागतो. फॉर्मालिन त्याच्या दहापट तरी असावे, तुकडा त्यात पूर्ण बुडावा, बाटलीचे तोंड रुंद असावे. रुंद अशासाठी की फॉर्मालिनमध्ये तुकडा कडक होतो. अरुंद तोंडातून आत गेलेला मऊ तुकडा मग बाहेर निघत नाही. स्तनाच्या गाठीचा तुकडा तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये पडावा आणि त्यात सहा तासांहून कमी व बहात्तर तासांहून अधिक राहू नये, असा आता नियमच आहे. लोणच्यालाही मुरायला वेळ लागतो. पण त्याची मर्यादाही सुगरणीला माहीत असते.

मुरलेला तुकडा मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेतात. त्यामुळे त्यातील पाणी निघून जाते. त्यानंतर झायलिन नावाच्या द्रवातून काढून तो साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या मेणात ठेवतात. पाण्याच्या जागी मेण शिरते. थंड झाल्यावर बर्फीच्या वडीएवढी मेणाची वडी तयार होते आणि तुकडा तिच्या पोटात बसतो. हिला आम्ही ब्लॉक म्हणतो. हा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ह्या वडीचे काप करण्याचे यंत्र म्हणजे मायक्रोटोम. चाक फिरवले की वडी पात्यावर घासून खाली येते आणि तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप सुटतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो; म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्शाएवढा तो काप. एकामागून एक काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची. पाण्यावर सुरकुत्या गेल्या की काचेची पट्टी खालून घालून, दुधावरची साय उचलावी तसा काप अलगद उचलायचा. श्वाससुद्धा जोराने सोडायचा नाही. ज्या बाईने पातळ घडीची पुरणपोळी फाटू न देता तव्यावर टाकली आहे, तिचा हात ह्या कामाला लवकर बसेल असे मला नेहमी वाटते.

काप पांढरा, जवळजवळ अदृश्य. त्याला रंग द्यावा लागतो. येथेही गंमत आहे. पहिला रंग हिमाटॉक्सिलिन. हा मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्याच्या लाकडातून निघतो. तो कापडाला असो की पेशीला असो, आपणहून धरत नाही; त्याला तुरटी लागते. येवल्याला पैठणीचे रेशीम पूर्वी वनस्पतींच्या रंगांत रंगवीत, तेव्हा रंग पक्का करायला तुरटीच वापरीत. तीच आपली घरातली तुरटी केंद्रकाला निळा-जांभळा रंग धरून देते. दुसरा रंग इओसिन. त्याने उरलेली पेशी गुलाबी होते. त्याचे नाव ग्रीकांच्या उषेवरून पडले आहे. ह्या दोन रंगांवर, जांभळ्या ठिपक्यांवर आणि गुलाबी पसाऱ्यावर, शंभराहून अधिक वर्षे जगातले डॉक्टर माणसाच्या आयुष्याचा निकाल वाचीत आले आहेत.

अलीकडे ह्यात भर पडली आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीवर स्त्री-संप्रेरकाला धरणारी ग्रहणस्थाने आहेत की नाहीत, हे विशेष प्रतिपिंड लावून पाहतात. असली तर केंद्रक तपकिरी दिसते. तपकिरी दिसले तर त्या बाईला संप्रेरकाविरुद्धच्या साध्या गोळ्यांचा उपयोग होतो. नसले तर त्या गोळ्या व्यर्थ. म्हणजे तुकडा आता 'रोग आहे किंवा नाही' एवढेच सांगत नाही, 'औषध कोणते' हेही सांगतो. मात्र लोणचे नीट मुरलेले नसेल तर तो चुकीचे सांगतो, आणि बाईच्या हातून पाच वर्षांचे औषध निसटते.

ही विद्या आपल्या महाराष्ट्रात कशी रुजली, ते थोडक्यात सांगते. मुंबईत परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे होती. रोग्याची ऊती नीट जपावी, नीट पाहावी आणि तिच्यावरून रोगाचे मूळ शोधावे, हा परिपाठ त्यांनी तेथे घातला. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच झाले.

त्यांच्या हाताखाली एक मराठी बाई तयार झाल्या. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात. वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच वर करावा अशी त्यांची इच्छा होती. कमलबाईंनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. १९३९ मध्ये त्यांचे लग्न गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे ह्यांच्याशी झाले आणि त्या मुंबईस आल्या. लग्नानंतर त्यांचे शिकणे थांबले नाही. पतीने त्यांना अभ्यासात साह्यच केले. सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींवर काम करून त्या १९४३ मध्ये एम्. एस्सी. झाल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच्. डी. झाल्या.  हे मी मुद्दाम सांगते. आमचे आता लग्न झाले, आता काय शिकायचे, असे म्हणणाऱ्या मुली मला आजही भेटतात.

पुढे खानोलकरांच्या आग्रहावरून कमलबाई अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत गेल्या आणि जॉर्ज गे ह्या शास्त्रज्ञाकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. ऊतिसंवर्धन म्हणजे काय? आतापर्यंत मी सांगितले ते लोणचे. ऊती मृत, पण जशीच्या तशी राखलेली. ऊतिसंवर्धन म्हणजे विरजण. येथे पेशी जिवंत ठेवायच्या असतात. शरीरातून घेतलेल्या पेशी काचेच्या भांड्यात, पौष्टिक द्रवात, सदतीस अंशांच्या उबेत ठेवल्या तर त्या वाढतात, दुपटीने होतात. भांडे भरले की थोड्या काढून नव्या भांड्यात लावायच्या, कालच्या दह्याने आजचे दूध लावावे तशा. फरक इतकाच की दह्यातले जंतू आपले मित्र. येथे एकही जंतू शिरला तर सगळे भांडे नासते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणाऱ्या सुनेला सासू जे बोलते, त्याहून कडक शिस्त ह्या प्रयोगशाळेत असते.

कमलबाईंनी परत येऊन मुंबईच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातली अशी ही पहिली प्रयोगशाळा समजली जाते. पेशींना लागणारे द्रव आणि इतर साहित्य त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच तयार करायला घेतले. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करून त्याचा आनुवंशिकतेशी आणि संप्रेरकांशी असलेला संबंध त्यांनी शोधला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांच्या कामाचा पुढे लशीसाठी उपयोग झाला. १९६६ ते १९७० ह्या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. उतारवयात त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आपल्या शेजारच्याच, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ मध्ये त्या वारल्या. त्यांचे ते केंद्र आता नवी मुंबईत खारघरला आहे.

कमलबाईंचे गुरू जॉर्ज गे ह्यांच्या त्याच प्रयोगशाळेत एक गोष्ट घडली होती. ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

१९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी स्त्री त्या रुग्णालयात आली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. उपचारांच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या गाठीचा एक तुकडा घेऊन गे ह्यांच्याकडे पाठविला. तोवर माणसाच्या पेशी काचेच्या भांड्यात फार दिवस जगत नसत. मेरी क्युबिसेक नावाच्या तरुण सहायिकेने त्या तुकड्याचे बारीक भाग करून नळ्यांत लावले आणि नळ्यांवर रुग्णाच्या नावातील अक्षरांवरून 'हेला' असे लिहिले. ह्या पेशी मरेनात. चोवीस तासांत दुप्पट होऊ लागल्या. त्यांच्यावर पोलिओच्या लशीची परीक्षा झाली, किती औषधे तपासली गेली, त्या जगभर गेल्या आणि आजही वाढत आहेत. हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली. वय एकतीस.

तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या नवऱ्याला, मुलांना वीस-बावीस वर्षे काही ठाऊक नव्हते. तिचे नावसुद्धा बराच काळ चुकीचे छापले जात होते. २०२३ साली तिच्या वारसांशी एका कंपनीने तडजोड केली. म्हणजे बहात्तर वर्षांनी.

मी ह्या प्रयोगशाळांत वाढलेली बाई आहे. त्या पेशींनी जगाचे केवढे कल्याण केले हे मला ठाऊक आहे. तरीही त्या बाईला कोणी एक शब्द विचारला असता तर ह्या विद्येचे काय गेले असते, असे मला वाटत राहते. आज आपल्याकडे संशोधनासाठी ऊती ठेवून घ्यायची तर रुग्णाची लेखी संमती घ्यावी असा नियम आहे. टाटा रुग्णालयात अशा ऊतींचा संग्रह आहे. कोणी तुमच्यापुढे असा कागद ठेवला तर घाबरू नका, आणि न वाचता अंगठाही उठवू नका. "हे माझ्या उपचारासाठी आहे की संशोधनासाठी?" एवढे विचारा. पटले तर जरूर द्या. आपल्या तुकड्यातून दुसऱ्या बाईचे भले होत असेल तर ते पुण्यच आहे. पण दान हे जाणून दिलेले असावे.

हेन्रिएटाच्या पेशींतच पुढे तिच्या रोगाचे कारणही सापडले. हाराल्ड त्सुर हाउसेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या काळात दाखवून दिले की गर्भाशयमुखाचा कर्करोग पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे होतो. त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोध ऊतीवरूनच लागला आणि तो खाटेवरच्या रुग्णापर्यंत, त्याही पुढे निरोगी मुलीपर्यंत पोचला. आता ह्या विषाणूवर लस आहे. आपल्या पुण्याच्या सीरम संस्थेने बनविलेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती दिली तर उत्तम, असे जाणकार सांगतात. ज्यांच्या घरी त्या वयाच्या लेकी-नाती आहेत त्यांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ह्या रोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग आपल्या महाराष्ट्राच्या खेड्यांतच झाला. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वर्षांच्या सव्वा लाखाहून अधिक निरोगी स्त्रिया त्यात होत्या. टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय ह्यांचा त्यात सहभाग होता. २००९ साली निष्कर्ष छापून आले. विषाणूची तपासणी एकदाच केली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार केले, तरी आठ वर्षांत ह्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच प्रयोग झाला. तेथे डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या सेविकांनी गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगारसारखे अ‍ॅसेटिक आम्ल लावून, पांढरा पडणारा भाग डोळ्यांनी पाहून तपासणी केली. मृत्यू एकतीस टक्क्यांनी घटले. ह्या प्रयोगांवर टीकाही झाली. तुलनेसाठी ज्या हजारो स्त्रियांना नुसती माहिती दिली, त्यांची तपासणी का केली नाही, असा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्या स्त्रियांच्या वाट्याला जे आले त्यातून मिळालेले ज्ञान आपण वाया घालवू नये, एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

मात्र पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. डाग संशय दाखवितो. शेवटचे उत्तर तेथून घेतलेला चिमूटभर तुकडा देतो. म्हणजे आपण फिरून बाटलीपाशीच आलो.

भगिनींनो, आता मी माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. ती मी आजवर बाहेर सांगितलेली नाही.

एके दिवशी आमच्याकडे एक बाटली आली. गिरणाकाठच्या एका गावच्या बाईची. एका लहान दवाखान्यात तिच्या स्तनातील गाठीचा तुकडा काढला होता. नातेवाईक ती बाटली पिशवीत घालून एस. टी. ने घेऊन आला होता. मध्ये सणाची सुटी पडली होती. मी झाकण उघडले आणि वास आला. बाटलीत फॉर्मालिन नव्हते, सलाइनचे पाणी होते. त्या दवाखान्यात कोणाला फरक ठाऊक नसेल, किंवा फॉर्मालिन संपले असेल. तरीही मी तुकडा मेणात बसविला, काप काढले, रंगविले. काचेवर फिकट गुलाबी लगदा तेवढा दिसत होता. एकही केंद्रक रंग धरीना. डॉक्टरांनी लिहिले, 'ऊती कुजल्यामुळे मत देता येत नाही. नवा तुकडा पाठवावा.' मी तो कागद टंकलिखित केला, लिफाफ्यात घातला आणि पुढच्या बाटलीकडे वळले.

दीड वर्षाने तेच नाव पुन्हा आले. ह्या खेपेस तुकडा काखेतल्या गाठीचा होता आणि फॉर्मालिनमध्ये व्यवस्थित होता. काप सुंदर निघाला. रंगही सुंदर चढला. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायचे ते दिसले. बरोबर आलेल्या तिच्या भावाला मी धीर करून विचारले, "मागे नवा तुकडा का पाठविला नाही?" तो म्हणाला, "ताई, मागल्या कागदात काही निघालं नाही असं आम्हांला सांगितलं. काही नाही निघालं म्हणून आम्ही देवीला नारळ फोडून आलो."

'मत देता येत नाही' ह्या शब्दांचा अर्थ त्या घरी 'काही नाही' असा झाला होता. त्या बाईला मी कधी पाहिले नाही. पुढे काय झाले ते तुम्ही ओळखलेच असेल.

दवाखान्याची चूक होती, हे खरे. परंतु तो कागद माझ्या हातून गेला होता. आमच्या टेबलावर फोन होता, आणि कागदावर त्या घरचा नंबरही होता. माझे काम काप काढण्याचे, कळविण्याचे नव्हे, असे मी स्वतःला सांगितले. त्या दिवसापासून 'मत देता येत नाही' असा कागद निघाला की मी डॉक्टरांची परवानगी घेऊन त्या घरी फोन करीत असे, आणि साध्या भाषेत सांगत असे, "उत्तर मिळालेलं नाही. पुन्हा या." काही येत, काही येत नसत. पण कळले नाही म्हणून कोणी राहिले नाही.

म्हणून आज मी तुमच्यापुढे उभी आहे. चार गोष्टी सांगते. त्या घरी जाऊन सासूला, सुनेला, शेजारणीला सांगा.

पहिली गोष्ट. तुकडा काढला की विचारा, "बाटलीत फॉर्मालिन आहे ना?" हे विचारण्यात काही चुकीचे नाही. बाटलीवर नाव, तारीख आणि कोणत्या बाजूचा तुकडा हे लिहिलेले पाहा. डावे-उजवे ह्याला येथे फार किंमत आहे. क्वचित काही तपासण्यांसाठी तुकडा ताजाच लागतो. तसे असेल तर डॉक्टर सांगतील.

दुसरी गोष्ट. सुई लावली, तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. माझ्या मावशीने ह्याच भीतीने वर्ष काढले. स्तनाच्या गाठीच्या नेहमीच्या तपासणीने रोग पसरून बाई दगावते असे नाही. जेथे तुकडा काढणे योग्य नसते अशा थोड्या जागा डॉक्टरांना माहीत असतात. रोग वाढतो तो सुईने नव्हे, वाट पाहण्याने.

तिसरी गोष्ट. अहवालाचा कागद आपल्या हातात घ्या आणि त्याचा अर्थ डॉक्टरांकडून तीन शब्दांपैकी एका शब्दात विचारून घ्या. 'आहे', 'नाही' की 'कळले नाही'? तिसरे उत्तर आले तर काम अपुरे आहे, असे समजा.

चौथी गोष्ट. मेणाची ती वडी, ब्लॉक, आणि काचेच्या पट्ट्या जपा. मोठ्या रुग्णालयात गेलात तर तेथील डॉक्टर त्या मागतातच. मुंबईला टाटा रुग्णालयात तर त्या पुन्हा तपासून पाहतात. त्या असल्या की पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. प्रयोगशाळेत अर्ज दिला की त्या मिळतात. घरी आणल्यावर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. शेवटी ते मेण आहे, वितळेल.

आणखी एक सूचना मंडळापुढे ठेवते. आपण हळदी-कुंकू करतो, सहली काढतो, भजनाला एकमेकींना हाका मारीत जातो. मग तपासणीला बाई एकटी का जाते? एकटी जाते म्हणून लाजते. लाजते म्हणून पुढे ढकलते. अहवाल आणायला नवरा किंवा मुलगा जातो आणि तिला काय सांगायचे ते तेच ठरवितात. आपल्या मंडळाने आजच्या दिवशी असे ठरवावे की आपल्यापैकी कोणीही तपासणीला निघाली तर तिच्याबरोबर दुसरी एक जाईल, आणि अहवाल वाचला जाईल तेव्हाही ती दुसरी शेजारी बसलेली असेल. ह्याला पैसा लागत नाही, सभागृह लागत नाही. एस. टी. चे दोन तिकीट लागतात. अध्यक्षीणबाईंनी हा ठराव मांडावा अशी माझी नम्र विनंती आहे, आणि पहिले नाव माझे लिहून घ्यावे. मी आता घरीच असते. ज्या कोणाला जायचे असेल तिने फक्त आदल्या दिवशी सांगावे.